जुन्या भट्टीतलं मीठ

१

माझ्या प्रयोगशाळेत मिठाला बंदी आहे. दारावर तसं लिहिलंय, माझ्याच अक्षरात. मूंगफली, समोसा, नमकीन, काही म्हणजे काही आत आणायचं नाही. बनारसमध्ये असा नियम करणाऱ्या बाईला मागून काय म्हणतात ते मला ठाऊक आहे. म्हणू देत.

कारण साधं आहे. आम्ही धातू तापवतो. बॉयलरच्या नळ्यांना लागतं ते पोलाद घ्यायचं, त्याच्या नखाएवढ्या पट्ट्या कापायच्या, काहींवर लेप द्यायचा, काही तशाच ठेवायच्या. वजन करायचं, भट्टीत लाल होईपर्यंत तापवायच्या, निववायच्या, पुन्हा वजन. तापलेला धातू हवा खातो आणि अंगावर पापुद्रा धरतो. पापुद्रा घट्ट आणि सलग असला तर तोच धातूला राखतो, खालपर्यंत हवा पोचू देत नाही. वाईट असला तर सुटतो, मग नवा धरतो, तोही सुटतो, आणि पट्टी झिजत जाते. मीठ पडलं तर मग विचारूच नका. त्या उष्णतेत ते वितळतं, पापुद्र्याखाली शिरतं आणि बघता बघता पट्टीचा भुगा करतं. लेपाचे सगळे कष्ट पाण्यात.

हे मी इतकी वर्षं पोरांच्या डोक्यात भरत आले. तेव्हा पुढे जे झालं ते माझ्या अडाणीपणामुळे झालं असं कोणी म्हणू नये. अडाणी असते तर बरं झालं असतं, निदान झोप तरी लागली असती.

माझी मुलगी सुरुची चैत्रापासून तापात होती. बँकेत नोकरीला लागून फार दिवस झाले नव्हते, आणि रजा संपत आल्या होत्या. तिचे बाबा गेल्यापासून आम्ही दोघीच. संध्याकाळ झाली की ताप चढायचा, पहाटे उतरायचा, आणि पोरगी पिळलेल्या फडक्यासारखी पडून राहायची. रक्त झालं, लघवी झाली, छातीचे फोटो झाले. सगळे रिपोर्ट एकजात चांगले. डॉक्टर रिपोर्ट बघून खूश आणि इकडे पोर फणफणलेली. शेवटी तेही गंभीर झाले. म्हणाले, "बहनजी, लखनऊ ले जाइए. ऐसे ही चलता रहा तो शरीर कब तक झेलेगा?"

त्या दिवशी मला पहिल्यांदा भीती वाटली.

२

रामघाटाच्या गल्लीत आमच्या खालच्या मजल्यावर गीतामावशी राहतात. त्यांच्या सासरी पिढ्यान्‌पिढ्या याज्ञिकी. आता घरात त्या एकट्याच, आणि साऱ्या गल्लीचं बघायला मोकळ्या. वर आल्या, सुरुचीकडे बघितलं आणि म्हणाल्या, "मृणालिनी, पोरीला दृष्ट लागलीय. डोळे बघ तिचे."

"मावशी, तिला इन्फेक्शन आहे."

"मग सापडत का नाही ते?"

मावशींनी आमच्याच बरणीतून मूठभर मीठ घेतलं, मोहऱ्या घेतल्या, सुक्या मिरच्या घेतल्या. मूठ माझ्या हातात देऊन म्हणाल्या, "तूच ओवाळ. आईच्या हातची लागते." मी पोरीच्या डोक्यापासून पायापर्यंत ओवाळलं. घरच्याची, दारच्याची, आल्यागेल्याची, मावशी सांगत होत्या तसं मी पुटपुटत होते. सुरुची तापातही हसली. म्हणाली, "आई, तुझ्या विद्यार्थ्यांनी बघितलं तर नाक कापलं जाईल तुझं."

"आता हे विस्तवात टाक," मावशी म्हणाल्या. "गॅसवर नको. गॅस म्हणजे काय विस्तव आहे? आणि जाताना बोलू नकोस, मागे बघू नकोस."

आता विस्तव आणायचा कुठून? तसा आमच्या घाटापासून थोडं पुढे गेलं की स्मशानात अष्टौप्रहर पेटलेला आहे, पण तिथे नेऊन पोरीची दृष्ट कोण टाकेल? मी ते कागदात बांधलं, पुडी पर्समध्ये टाकली, मैदागिनच्या नाक्यावर ऑटो पकडली आणि कामावर गेले. एक शब्द बोलले नाही. ऑटोवाल्याला बोटानेच रस्ता दाखवला.

प्रयोगशाळेच्या कोपऱ्यात एक जुनी भट्टी आहे. नवीन भट्टी आल्यापासून तिच्यात फक्त चिनीमातीच्या मुशी भाजतो. दुपारी सगळे जेवायला गेले होते. मी दार उघडलं, आत लालभडक होतं, आणि बंदी घालणाऱ्या बाईने स्वतःच्या हाताने त्यात मूठभर मीठ टाकलं.

मिरच्या जळताना ठसका लागला नाही तर दृष्ट होती म्हणतात. मला ठसका लागला नाही. वासही आला नाही. मी स्वतःला सांगितलं, एक्झॉस्टचा पंखा चालू आहे, बाई, शहाणपणा कर.

३

त्या संध्याकाळी ताप आला नाही. मी थर्मामीटर झटकून झटकून लावला. सुरुचीने वरणभात मागितला आणि वर लिंबाचं लोणचंही. मी स्वयंपाकघरात जाऊन रडले. खोटं कशाला बोलू?

दुसऱ्या दिवशी सकाळी देवव्रत माझ्या टेबलाशी उभा होता. हा माझा संशोधक विद्यार्थी, इथल्याच मराठी वेदपाठशाळेच्या घरातला, आणि काम असं चोख की कधीकधी माझाच जीव जातो. त्याच्या चिमट्यात एक पट्टी होती.

"मॅडम, ही बघा."

पट्टी लखलखीत होती. पॉलिश करून नुकतीच पुसल्यासारखी.

"बघितली. भट्टीत घाल."

"घातली होती. नवीन भट्टीत जागा नव्हती म्हणून काल सकाळी जुनीत ठेवली. आत्ता काढली. वजन जेवढं होतं तेवढंच आहे. काही खाल्लंच नाही हिने."

"लेप कुठला?"

"बिनलेपाची आहे, मॅडम." मग हळूच म्हणाला, "आणि खाली मीठ आहे. वितळून तळाला बसलंय. किसीने नमक डाल दिया है."

मी त्याच्यावर उखडले. भट्टी तापलीच नसेल, तापमान दाखवणारं थर्मोकपल खोटं बोलत असेल, तू दुसरीच पट्टी उचलली असशील. त्याने पट्टी माझ्यापुढे धरली. पट्टीवर त्याने कोरलेला खुणेचा अंक मलाही दिसत होता. शेजारच्या मुशीचा रंग बघूनच कळत होतं की भट्टी रात्रभर लाल होती. लाल भट्टीत, मिठाच्या वाफेत, उघडं पोलाद राहिलं आणि त्याच्यावर साधा डागही नव्हता.

माझ्या सगळ्या नोकरीत मी असं काही बघितलं नव्हतं. आनंद व्हायला हवा होता. मी मात्र पट्टी खणात टाकून कुलूप लावलं.

४

काही दिवसांनी ताप परत आला. मी परत ओवाळलं, परत जुन्या भट्टीत टाकलं, आणि या वेळी मुद्दाम एक पट्टी आत ठेवली. ताप गेला आणि पट्टी स्वच्छ निघाली.

मग मी जे कोणीही शहाणं माणूस करेल तेच केलं. त्याच बरणीतलं मीठ न ओवाळता टाकलं. पट्टीचा भुगा झाला. मोहऱ्यांच्या तेलाने काही होत असेल म्हणून मीठ, मोहऱ्या, मिरच्या सगळं टाकलं, पण ओवाळलं नाही. भुगा. भट्टी धुऊन काढली, नवीन विटा बसवल्या, पुन्हा केलं. भुगा. एकदा तर देवव्रतला खुर्चीवर बसवून त्याच्यावरून ओवाळलं. परीक्षा जवळ आलीय, असू दे, असं काहीतरी सांगितलं. तो बिचारा हात जोडून बसला. त्या पट्टीचाही भुगाच झाला.

फक्त सुरुचीवरून उतरवलेलं मीठ पट्टीला शिवत नव्हतं.

मी डोकं धरून बसले. उत्तर सापडत नव्हतं हे दुखणं होतंच, पण त्याहून वाईट म्हणजे प्रश्नच चुकत होता, हे मला उशिरा कळलं. मी विचारत होते, पट्टी वाचते कशी? मीठ तर तिथेच होतं, भट्टीतही आणि पट्टीच्या अंगावरही. त्या उष्णतेत मीठ उपाशी राहत नाही. पट्टी खाल्ली नाही, तर मग त्याने खाल्लं काय?

५

ज्येष्ठ लागला. लूचा गरम वारा असा की गल्लीतली कुत्री नाल्यांतून उठेनात. मी घामाने थबथबलेली आणि सुरुची कोरडी. कपाळावर थेंब नाही. बँकेत जाऊ लागली होती, चेहरा नितळ झाला होता. मावशी कौतुकाने म्हणायच्या, "बघ कशी उजळलीय." उजळली होती खरी. पण उन्हात उभी राहिली की गालावरून एक राखी झाक सरकायची. मी चष्मा पुसून बघायचे, तर काही नाही.

एकदा पोळ्या करताना तिने तापलेला तवा हाताने उचलून खाली ठेवला. सांडशी शेजारीच पडली होती.

"अगं, हात!"

"काय झालं?" तिने हात उलटसुलट करून दाखवला. फोड नाही, लाली नाही. "गरम नव्हता गं एवढा."

तव्यावर मी पाणी शिंपडलं तर ते चर्रकन उडालं.

त्याच आठवड्यातली गोष्ट. दुपारी ती उन्हातून आली आणि कूलरसमोर आडवी झाली. मी शेजारच्या खोलीत वाचत होते. कूलरच्या घरघरीतून एक आवाज यायला लागला. चट्. मग थोडं थांबून चट्, चट्. मी उठून कूलरची पाती बघितली, पंखा बघितला, पाल आहे का तेही बघितलं. आवाज पलंगाकडून येत होता.

हा आवाज मला झोपेतही ओळखता येईल. भट्टीतून काढलेली पट्टी निवायला ठेवली की येतो. तापताना पापुद्रा कधी तडकत नाही. धातू निवताना आकसतो, पापुद्र्याला तेवढं आकसता येत नाही, आणि मग तो सुटतो. चट्.

मी कूलर बंद केला. आवाज थांबला. सुरुची डोळे मिटूनच म्हणाली, "आई, बरं वाटत होतं. लाव ना."

चादरीवर राखाडी कपचे पडले होते, कांद्याच्या सालीपेक्षा पातळ. कोंडा असेल, उन्हाने सोललेली कातडी असेल. एक मी कागदात गुंडाळून नेला आणि सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला. बाहेरची बाजू गुळगुळीत होती. आतल्या बाजूवर बोटांच्या रेषा होत्या, पण उलट्या, शिक्क्यावर असतात तशा. मी तो कपचा देवव्रतला दाखवला नाही.

६

चांगला पापुद्रा बाहेरून येत नाही, हे मी दर वर्षी पहिल्याच तासाला सांगते. धातूच्या पोटात जे असतं तेच वर येतं आणि कातडी बनतं. सुटला की नव्यासाठी पोटातून आणखी येतं. बाहेरून पट्टी सुंदर दिसत राहते. आतलं संपत जातं.

सुरुचीच्या आतलं काय संपत होतं ते मला हळूहळू दिसायला लागलं. तिने कपाटातला बाबांचा शर्ट काढून विचारलं, "हा कोणाचा?" लहानपणीच्या तिच्या फोटोकडे ती बसमधल्या अनोळखी माणसाकडे बघावं तसं बघायची. मी काही आठवण काढली की म्हणायची, "असेल." एकदा मी तिला जवळ घेतलं. तिने घेऊ दिलं. बस, घेऊ दिलं.

मी ओवाळणं बंद केलं. मावशींनाही सांगितलं नाही. ताप आला, आणि असा आला की पोरीचे दात वाजायला लागले, नजर फिरली. डॉक्टर म्हणाले, "अभी भर्ती कीजिए, वरना मैं कुछ नहीं कह सकता." पण त्या तापात ती मला आई म्हणत होती. बाबांना हाका मारत होती. आम्ही पूर्वी राहायचो त्या गोरखपूरच्या क्वार्टरमधल्या पेरूच्या झाडाबद्दल बडबडत होती. सगळं होतं तिच्यात, एकूण एक. मी उशाशी बसून ऐकत राहिले. मग तिचा श्वास अडकायला लागला.

काय करायचं होतं मी? सांगा ना. मी मीठ घेतलं.

त्यानंतर मी एकच धरून बसले, तिला निवू द्यायचं नाही. कूलर देऊन टाकला. पावसात भिजू दिलं नाही. आश्विनात खिडक्या बंद केल्या आणि हीटर लावला. सुरुची म्हणायची, "आई, आत गुदमरतंय." मी म्हणायचे, "तुला सोसत नाही गार." तरी भिंतीपलीकडून कधीतरी चट् ऐकू यायचं आणि मी ताटावरून उठायचे.

७

कार्तिकातल्या एका पहाटे मला जाग आली ती मोकळ्या हवेने. दार उघडं होतं. सुरुचीचं अंथरूण रिकामं होतं, आणि खाली मावशींच्या दाराला कुलूप.

मी तशीच घाटावर धावले. पंचगंगा घाटाकडे बांबूंवरचे आकाशदीप अजून जळत होते. पायऱ्यांवर स्नानाच्या बायका होत्या, आणि मावशी सुरुचीची शाल हातावर घेऊन उभ्या होत्या.

"मावशी, काय केलंत हे?"

"अगं, पोर बरी झाली तर कार्तिकस्नान घालीन असं बोलले होते मी देवाला. आणि तीच म्हणाली, मावशी, मला थंड पाण्यात न्या." त्या माझ्या तोंडाकडे बघून घाबरल्या. "का गं?"

सुरुची कमरेएवढ्या पाण्यात होती. मी हाक मारली, "सुरुची, बाहेर ये. आत्ता ये." तिने वळून माझ्याकडे बघितलं, हसली, नाक धरलं आणि बुडी मारली.

मी शेवटच्या पायरीवर होते. आवाज पाण्याखालून आला, पट्ट्यांचा अख्खा ट्रे भट्टीतून एकदम बाहेर काढल्यावर येतो तसा, चट् चट् चट्, दाट, थांबतच नव्हता. मग थांबला.

ती वर आली. केसांतून पाणी निथळत होतं, गाल लाल झाले होते, ती थंडीने कुडकुडत होती. कितीतरी महिन्यांनी कुडकुडत होती. इतकी सुंदर मी तिला कधी बघितली नव्हती. पायरीशी येऊन तिने हात पुढे केला आणि गोड आवाजात, अगदी अदबीने म्हणाली, "माताजी, ज़रा हाथ दीजिएगा? बहुत फिसलन है."

मी हात दिला. हात ऊबदार होता, मऊ होता, जिवंत होता. मागून मावशी म्हणाल्या, "बघ, निखळली पीडा."

तेव्हा मला तिच्यामागे पाण्यात ते दिसलं. झेंडूच्या फुलांतून काहीतरी राखाडी, पातळ, ओल्या पदरासारखं राजघाटाच्या दिशेने वाहत चाललं होतं. नदीत काय नसतं, कोणाचं लुगडं असेल, म्हणून मी नजर काढणार, तेवढ्यात ते पाण्यावर उलटलं. आतली बाजू वर आली. नाकाची जागा दिसली, मिटलेल्या पापण्यांची जागा दिसली. प्रयोगशाळेत आम्ही सुटलेला पापुद्रा झाडून टाकतो आणि पट्टी ठेवतो. पट्टी म्हणजे धातू, पापुद्रा म्हणजे केर. पण पोटातलं सगळं वर येऊन पापुद्र्यातच गेलं असेल तर?

"आई," ते मराठीत म्हणालं, अगदी हळू. "थंडी वाजतेय गं."

मावशींना ऐकू गेलं नाही. बायकांनाही नाही. माझा हात धरलेल्या मुलीला मात्र गेलं. तिने मान वळवून पाण्याकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं.

मला खाली पाण्यात उतरायचं होतं. तिने हात सोडला नाही.